यंत्र एकटं येत नाही
(सभासद शिक्षण : अभ्यासपाठ)



गेल्या हंगामाच्या अखेरीस गटवार बैठका झाल्या. ऊस तोडणी यंत्राचा, म्हणजे हार्वेस्टरचा विषय निघाला की प्रत्येक बैठकीत दोन तट पडत. एकाचं म्हणणं, "टोळीची वाट बघून उसाला तुरे आले. आणा ते मशीन." दुसऱ्याचं म्हणणं, "माझं रान तीस गुंठे. त्यात ते धूड वळणार कुठं?" एका बैठकीत मागे बसलेल्या एका वयस्कर सभासदांनी मात्र वेगळाच प्रश्न टाकला. "मोट गेली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेलं ते आम्ही पाहिलंय. या मशीनबरोबर काय काय जाणार, ते कुणी मोजलंय का?"

आम्हाला त्यावर लगेच उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा पाठ लिहायला घेतला. यंत्र चांगलं की वाईट, एवढ्यावर तो सुटणार नाही. यंत्र आलं की समाजाची घडी कशी बदलते आणि ती बदलताना आपल्या हातात काय उरतं, हे आधी नीट पाहायला हवं. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या विहिरीपासून सुरुवात करू.

१. मोट गेली, तिच्याबरोबर काय गेलं?

मोट कातड्याची. ती शिवायला चर्मकार लागे. नाडा-सौंदर वळायला मातंग लागे. चाक आणि कणा सुतार करी, लोखंडी कडी लोहार देई. या सगळ्यांना सुगीला बलुतं मिळे. म्हणजे विहिरीवर फिरणाऱ्या एका चाकावर शेतकऱ्याबरोबर आणखी चार घरं उभी होती. तो मान सारखा नव्हता, बलुतं मागायला दारात उभं राहावं लागे, हेही खरं. जुन्या घडीचं गोडवं गाण्याचं कारण नाही. पण घडी होती.

मोटेवर दिवसभर बैल राबवले तरी भिजायचं ते थोडकंच रान. त्यामुळे ऊस असे तो काही गुंठे, फार तर एकर-दोन एकर. विहिरीचं पाणीही टिकून राही.

मग इंजिन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर, चरक, पंप शेतकऱ्यांच्या दारात येऊ लागले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी स्थापन झाली. १९६० साली राज्य वीज मंडळ आलं, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि हळूहळू इंजिनाची जागा मोटरने घेतली.

मोट हाकणाऱ्याची पहाटेची तंगडतोड संपली. पोरं शाळेत जाऊ लागली. ऊस एकरांत मोजला जाऊ लागला. बलुतं मोडलं. त्याऐवजी फिटर आला, वायरमन आला, मोटर रिवायंडिंगचं दुकान आलं. जुन्या घडीतले काही जण त्या नव्या कामांत शिरले. बरेच जण शिरू शकले नाहीत. ते मुंबईला गेले किंवा आपल्याच बांधावर मजूर म्हणून उभे राहिले.

पाण्याचं काय झालं तेही पहा. बैल थकत होता म्हणून विहीर वाचत होती. मोटर थकत नाही. त्यात शेतीपंपाचं बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आलं, तेव्हा जास्त उपसलं तरी पैसे तेवढेच. विहीर आटली म्हणून बोअर घेतलं, शेजाऱ्याने त्याहून खोल घेतलं.

कालव्यावरही हेच झालं होतं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पाणी आलं, ऊस आला, आणि निचऱ्याची सोय नसल्याने काही वर्षांतच जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या. मग विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत सुचवली. ठराविक क्षेत्राला ठराविक पाणी, आणि त्यात उसाबरोबर इतर पिकांची फेरपालट, असं तिचं सूत्र. कालवा खणणारे इंजिनिअरच होते, पण पाण्याच्या वाटपाचा नियम करावा लागला तो माणसांच्या वागण्यासाठी.

पहिला धडा असा : यंत्र जुनी मर्यादा काढून टाकतं. त्या जागी नवी मर्यादा आपण घालायची असते. ती घातली नाही तर जमीन आणि पाणी ती घालतात, आणि त्यांची घालण्याची रीत कठोर असते.

२. चरकापासून गव्हाणीपर्यंत

गुऱ्हाळ आपल्याला ठाऊक आहे. चरक, काहील, चुलवाण, गुळव्या. रस उतू चालला की गुळव्या नुसत्या रंगावरून आणि बुडबुड्यावरून ओळखतो, आता काहील उतरवा. चार शेजारी मिळून गुऱ्हाळ चालवू शकत. पण माल तयार झाला की अडत्याच्या हातात. भाव पडला तर काहिलीत रस तसाच ठेवता येत नाही.

साखरेचं तंत्र निराळं. रस उघड्या काहिलीत आटवला तर तो शंभर अंशांच्या वर तापतो, साखर करपते, रंग काळवंडतो. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी बंद भांड्यातली हवा काढून रस आटवण्याची युक्ती काढली. हवेचा दाब कमी झाला की रस साठ-सत्तर अंशांवरच उकळतो, करपत नाही. आपल्या कारखान्यातली व्हॅक्यूम पॅन ती हीच.

दुसरी युक्ती नॉर्बर्ट रिलियू यांची. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला १८०६ साली जन्मलेला हा आफ्रिकी वंशाचा इंजिनिअर पॅरिसला शिकला. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते ती वाया न घालवता दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. १८४३ साली त्यांना याचं पेटंट मिळालं. आपला इव्हॅपोरेटर आजही याच तत्त्वावर चालतो. चिपाडावर बॉयलर चालवून वर वीज विकायला शिल्लक राहते, त्यामागे ही काटकसर आहे.

पण या भांड्यांची एक अट आहे. एक पॅन एका शेतकऱ्याला परवडत नाही, आणि एका शेतकऱ्याच्या उसाने ती भरतही नाही. बॉयलर एकदा पेटला की रात्रंदिवस पाच-सहा महिने त्याला ऊस हवा. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून ऊस नोंद आली, तारीखवार तोडणी कार्यक्रम आला, गट कार्यालय आलं, चिटबॉय आला, वजनकाटा आला. लागणीची तारीख पूर्वी पावसावर आणि सोयीवर ठरे, ती आता गव्हाणीच्या हिशेबाने ठरू लागली. यंत्राने शेकडो गावांना एका घड्याळावर आणलं.

३. तेच यंत्र, दोन तऱ्हा

इथे नीट लक्ष द्या, कारण पाठाचा गाभा इथे आहे.

रिलियू यांचं यंत्र येण्याआधी अमेरिकेतल्या मळ्यांवर उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत पळ्यांनी ओतायचं काम गुलामांकडे असे. हात-पाय भाजत, माणसं दगावत. नव्या यंत्राने ते काम सुसह्य झालं. पण गुलामी गेली का? नाही. साखर स्वस्तात आणि चांगली होऊ लागली म्हणून मळे चालूच राहिले आणि तोडणीला गुलाम राबतच राहिले. अमेरिकेतली गुलामी संपली १८६५ साली, युद्धाने आणि कायद्याने.

इंग्रजांच्या वसाहतींत ती १८३४ पासून कायद्याने बंद झाली. तेव्हा मळेवाल्यांनी काय केलं? त्याच वर्षापासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेऊ लागले. त्यांत कोकणातली, आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी जपून आहेत, गणेशोत्सव करतात. पुढे हीच भरती त्रिनिदाद, नाताळ, फिजीपर्यंत गेली. कारखान्यात वाफेचं यंत्र आणि शेतात करारात बांधलेला माणूस, असा तो जोड होता.

आता आपल्याकडे या. १९३२ साली सरकारने साखर धंद्याला संरक्षण दिलं आणि देशातले तीसएक कारखाने चार वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. कालव्यांवर खासगी कारखाने उभे राहिले. काही ठिकाणी शेतकऱ्याची जमीन खंडाने कारखान्याकडे गेली आणि शेतकरी त्याच जमिनीवर रोजाने राबू लागला. याच १९३२ साली सासवडच्या माळी बागाईतदारांनी एकत्र येऊन माळीनगरचा कारखाना काढायला घेतला. तो कंपनी कायद्याखाली होता, पण मालक शेतकरीच. १९२३ पासून लोणीत सहकारी पतपेढी चालवणारे विठ्ठलराव विखे पाटील गुळाच्या पडत्या भावाने आणि सावकारीने पिचलेल्या गावांतून भाग गोळा करत हिंडले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून मागे उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला.

त्या कारखान्यातली पॅन मॉरिशसच्या पॅनहून निराळी नव्हती. रस त्याच तापमानाला उकळत होता. फरक होता तो भागपत्रावर कुणाचं नाव आहे आणि सभेत कुणाला मत आहे, यात. एक सभासद, एक मत. शेअर दहा असोत की एक. त्या एका नियमामुळे त्याच यंत्राभोवती शाळा, दवाखाने, रस्ते, उपसा योजना उभ्या राहिल्या.

दुसरा धडा : यंत्र माणसांना एकत्र यायला लावतं. पण मालक म्हणून यायचं की मजूर म्हणून, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि वेळेत ठरवलं नाही तर दुसरा कुणी तरी ठरवतो.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. सहकाराने शेतकऱ्याला मालक केलं. ऊस तोडणाऱ्याला केलं नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असा हिशेब आपण धरतो. ती जोडी मुकादमाची उचल घेऊन सहा महिने घर सोडते. लेकरं शाळा सोडून फडावर येतात. प्रवरेच्या पहिल्या मोळीपासून आजवर गव्हाणीपुढची यंत्रं कितीदा बदलली, पण फडातला कोयता तोच राहिला. आजचा प्रश्न सुटत नाही त्याचं एक मूळ इथे आहे.

४. न दिसणारं यंत्र

सगळंच तंत्र लोखंडाचं नसतं. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ पासून बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा संकर रानटी गवताशी केला आणि १९१८ साली को २०५ ही जात बाहेर आली. आपल्याकडे पुंड्याची जागा पुढे को ४१९, को ७४० आणि को ८६०३२ यांनी घेतली. पुंड्या खायला गोड आणि मऊ, पण रोगाला लवकर बळी पडणारा. नव्या जातींनी टनेज दिलं, उतारा दिला. त्याबरोबर शिवारभर एकच जात पसरली, आणि एक रोग आला तर सगळ्यांनाच गाठण्याचा धोकाही आला. बेणं बदलणं हेही यंत्र बदलण्याएवढंच मोठं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

५. आता दारात उभं असलेलं यंत्र

हार्वेस्टर नवा नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ सगळा ऊस यंत्राने निघू लागला. तिथे मजूर मुळात कमी, शेतं मोठी आणि तोडणी सोडणाऱ्याला दुसरं काम मिळत होतं. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात ऊस जाळून तोडण्यावर २००२ च्या कायद्याने आणि २००७ च्या कराराने बंधनं आली, तेव्हा यंत्रं झपाट्याने वाढली. हवा सुधारली. पण मोठ्या संख्येने तोडणी मजुरांचं काम गेलं. काहींना ड्रायव्हर, मेकॅनिक म्हणून शिकवलं, पण शंभर कोयत्यांच्या जागी एक मशीन आलं तर खुर्च्या किती उरणार, हा हिशेब सरळ आहे.

आपल्याकडे काय होईल? आधी यंत्राच्या अटी पहा.

त्याला सरीचं अंतर चार फुटांच्या वर, शक्यतो पाच फूट लागतं. सरी लांब हवी, टोकाला वळायला मोकळी जागा हवी. ओल्या रानात घातलं तर जमीन दाबली जाते आणि खोडवा फुटायला त्रास होतो. लोळलेला ऊस नीट उचलत नाही. ऊस कांड्या करून टाकतं, त्या कांड्या अख्ख्या उसापेक्षा लवकर नासतात, म्हणून काही तासांत गव्हाणीत पडायला हव्यात. पाचट रानातच पसरतं, हा फायदा. ते जाळायचं नाही एवढं पाळलं तर जमिनीचा कस वाढतो. पण वाढे मिळत नाहीत. आज ज्यांची जनावरं हंगामभर वाढ्यांवर जगतात त्यांनी चाऱ्याचा विचार आत्ताच करावा. उसाबरोबर पाचट येतं म्हणून वजनात कपात होते. ती किती धरायची, यावर वाद होणार हेही गृहीत धरा.

आणि किंमत कोटीच्या घरात. म्हणजे पुन्हा पॅनचीच गोष्ट. एकाला परवडत नाही, एकाच्या रानात पुरत नाही.

इथे दोन वाटा फुटतात. एका वाटेने पैसेवाला ठेकेदार मशीन घेतो. त्याला लांब सरीचं सलग रान हवं, म्हणून मोठ्या बागाईतदाराचा ऊस आधी जातो. तीस गुंठेवाला शेवटी राहतो, पुढे कंटाळून रान खंडाने देतो. खुशाली आज टोळीला द्यावी लागते, उद्या मशीनच्या ड्रायव्हरला द्यावी लागेल. दुसऱ्या वाटेने बांधाला बांध असलेले आठ-दहा सभासद एकाच महिन्यात, एकाच जातीची, एकाच दिशेने पाच फुटी सरी धरतात. बांध कागदावर राहतात, सरी सलग जाते. मशीन त्यांच्याकडेही तेवढ्याच सोयीने फिरतं.

आमची एक चूक इथे सांगतो. ठिबक आलं तेव्हा आम्ही अनुदानाचे फॉर्म भरून घेतले, नळ्या वाटल्या आणि काम झालं असं मानलं. वीज रात्रीची, फिल्टर धुवायचा कसा हे कुणी दाखवलं नाही, विहीर भावाभावांत सामाईक, पाळीचा मेळ बसेना. दोन वर्षांनी पाहतो तो कितीतरी नळ्या गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळलेल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या. ज्या वस्तीवर चार भावांनी बसून पाळी ठरवली आणि एका पोराने फिल्टरचं काम अंगावर घेतलं, तिथे तेच ठिबक आजही चालू आहे. नळी सगळ्यांना सारखीच दिली होती. हार्वेस्टरच्या बाबतीत ही चूक पुन्हा नको.

६. आपण काय ठरवायचं?

वार्षिक सभेपुढे जाण्याआधी गटांनी विचार करावा म्हणून आमच्या सूचना अशा :

(अ) मशीन आधी कुठे? ज्या भागात टोळी पोहोचतच नाही, ऊस उभा वाळतो, तिथे आधी. चालू टोळ्या मोडून नको.

(आ) गट लागण. सलग रान करणाऱ्या छोट्या सभासदांच्या गटाला तोडणी कार्यक्रमात मोठ्या खातेदाराच्या बरोबरीचं स्थान मिळालं पाहिजे, आणि ते नियमात लिहिलेलं हवं.

(इ) मालकी. मशीन एकट्या ठेकेदाराचं असण्याऐवजी सभासदांच्या तरुण मुलांचा आणि वर्षानुवर्षं आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतल्या तरुणांचा मिळून गट त्याचा मालक होऊ शकतो का, हे तपासावं. ड्रायव्हर, मेकॅनिक यांचं शिक्षण त्या पोरांना आधी द्यावं.

(ई) हिशेब उघडा. पाचटाची कपात, तोडणी-वाहतुकीचा दर आणि मशीनची रोजची फेरी गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहिली जावी.

(उ) टोळ्या राहतील तोवर माणूसपणाने. पाणी, निवारा, दवाखाना आणि लेकरांची शाळा. मशीन येणार म्हणून याकडे दुर्लक्ष करायला मुभा मिळत नाही.

त्या वयस्कर सभासदांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर या पाठात नाही, याची आम्हाला जाणीव आहे. मशीनबरोबर काय जाणार ते मोजायचं तर गावागावांत बसूनच मोजावं लागेल : किती वाढे, किती बांध, किती कोयते, किती लहान खातेदार. पण मोजणी मशीन यायच्या आधी झाली पाहिजे, एवढं मोटेने आणि ठिबकाने आपल्याला शिकवलं आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या गावात मोट बंद झाली तेव्हा कोणत्या घरांचं काम गेलं? ती घरं आज काय करतात?
२. तुमच्या बांधाला लागून असलेल्या किती सभासदांबरोबर तुम्ही एकाच वेळी, एकाच जातीची लागण करू शकाल? अडचण कोणती : पाणी, वाटणी की भाऊबंदकी?
३. तुमच्या विहिरीची पातळी दहा वर्षांपूर्वी आणि आज. फरक लिहा.
४. वाढे बंद झाले तर चाऱ्याची सोय काय?
५. आपल्या गटात येणाऱ्या टोळ्या कोणत्या गावच्या? त्यांतल्या किती मुलांची शाळा हंगामात चालू राहते?

उत्तरं कागदावर लिहून गट कार्यालयात द्यावीत. अक्षर कसंही असो, चालेल. लिहिता न येणाऱ्यांनी घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावं. आलेली सगळी उत्तरं सभेपुढे ठेवू.